मेढ्याच्या पावसावर आळ घेऊ नका

भिंतीत सांधा गाडून गेलेल्या प्लंबरसाहेबांस,



ओल दाखवली की तुमचं उत्तर ठरलेलं : "मेढ्याचा पाऊस, ओल यायचीच." साहेब, वेण्णाकाठी राहणाऱ्यांना पाऊस शिकवू नका. भर मे महिन्यात, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला ओल कुठून आली? पाऊस काय तेवढाच कोपरा बघून पडतो?

नळाच्या पाइपात दाब असतो, तो गळला की लवकर कळतं. सांडपाण्याचा पाइप पाणी सोडलं तरच झिरपतो, म्हणून तुमच्यासारख्यांचं फावतं. आम्ही न्हाणीच्या जाळीत नीळ कालवलेलं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या पोपडे धरलेल्या गिलाव्यावर निळसर डाग. मग भिंत फोडली.

आत तुमची कारागिरी. सॉकेट आणायचा कंटाळा, म्हणून पाइपचं तोंड जाळावर तापवून फुगवलेलं, दुसरा पाइप त्यात कोंबलेला आणि सोल्युशन बाहेरून थापलेलं. जाळलेल्या तोंडाची जाडी एकसारखी राहत नाही, तिथे सोल्युशन धरणार कसं? कापलेल्या कडेची कुसळं घासायची, दोन्ही तोंडं कोरडी पुसायची, दोन्हींना सोल्युशन लावून पाइप थोडा फिरवत तळापर्यंत बसवायचा, धरून ठेवायचा. एवढंच काम होतं! वर पाइपवर शिक्का 'टाइप ए'चा. आयएस १३५९२ या मानकात तो पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपासाठी आहे. सांडपाण्याला जाड 'टाइप बी' लागतो. पावसाला दोष देणाऱ्या माणसाने पावसाचाच पाइप भिंतीत घालावा!

मुळात सांधा भिंतीत हवाच कशाला? तो बाहेर डक्टमध्ये काढता आला असता, तिथे झाकणाचा बेंड बसला असता. भिंतीतच घ्यायचा होता, तर गिलाव्याआधी खालचं तोंड बंद करून पाइप पाण्याने भरायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी पातळी बघायची. बादलीभर पाणी आणि एक रात्र. ती वाचवलीत आणि आमच्या घरी फरशी, गिलावा, रंग सगळं पुन्हा करावं लागतंय. भांड्यांच्या फळीमागची बुरशी वेगळीच.

बाजारपेठेकडच्या नव्या घराचं काम तुमच्याकडे आहे म्हणे. तिथे गिलावा अजून व्हायचाय. आज संध्याकाळीच पाइप भरून ठेवा, आणि सकाळी घरमालकाला शेजारी उभं करून पातळी बघा.

आपला,
मेढ्यातला एक घरमालक