हसू नका, विषय गंभीर आहे

बायकांवरच्या अत्याचारावर विनोद? शोभतं का? असं विचारणारे सद्गृहस्थ तेलंगणातल्या आमच्या बोथमध्येही आहेत. विचारतात कधी? बायकोवरचे सकाळचे विनोद फॉरवर्ड करून झाले की.

त्यांना 'देवी' दाखवावी. प्रियांका बॅनर्जींची ही 13 मिनिटांची शॉर्टफिल्म 2 मार्च 2020 ला यूट्यूबवर आली. एका खोलीत नऊ बायका, त्यांत काजोल, मुक्ता बर्वे, नीना कुळकर्णी. कुणी पत्ते कुटतंय, कुणी टीव्हीशी झगडतंय. दारावर बेल वाजते आणि भांडण जुंपतं: आधीच दाटी, त्यात ही आणखी कोण? अगदी चाळीतलं भांडण. हसू येतं.

मग कळतं, या खोलीत यायचं तर आधी अत्याचार होऊन मरावं लागतं.

कुणाला जाळलंय, कुणाचा गळा आवळलाय, त्यावरून बायका आत कोणाला घ्यायचं ते ठरवू बघतात. अतिशयोक्ती वाटते? मग आमच्या शेजारी या.

24 नोव्हेंबर 2019. आसिफाबाद जिल्ह्यातलं लिंगापूर मंडल. गावोगाव फिरून किरकोळ वस्तू विकणारी एक दलित बाई. बलात्कार, खून. पुढे तिचं नाव 'समता' ठेवलं. तीनच दिवसांनी हैदराबादजवळ तसाच गुन्हा घडला. ती 'दिशा'. देशभर मेणबत्त्या कोणासाठी पेटल्या, सांगायला हवं?

खोलीतही रांग असते.

6 डिसेंबरला हैदराबादचे चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. 2022 मध्ये न्या. सिरपूरकर आयोगाने त्या चकमकीची पोलिसी कहाणी खोटी ठरवली. फुलं झाडायला कोण गेलं?

समताच्या खटल्यात आदिलाबादच्या विशेष न्यायालयाने 30 जानेवारी 2020 ला तिघांना फाशी सुनावली. साक्षी, पुरावे, निकाल, सगळं जेमतेम दोन महिन्यांत. ही तारीख किती जणांना पाठ आहे? गोळी न झाडता दिलेला न्याय फार रटाळ असतो बुवा!

आणि हा काळा विनोद काही आजचा नाही. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. कारण? अंगावर जखमा नव्हत्या. पटकथेत असं लिहिलं असतं, तर निर्मात्याने कागद परत केला असता: फार ओढूनताणून वाटतं, बाई.

तेव्हा दिग्दर्शिकांना दोष देऊ नका. त्या फार तर कॅमेरा लावतात.

'देवी' बघताना सद्गृहस्थांनी सुरुवातीची पाटी तेवढी चुकवू नये. बायकांवरच्या हिंसेची ही फिल्म ज्या व्यासपीठावर आली, त्याच्या कपाळावर रॉयल स्टॅगचं नाव आहे.

हो, तीच. व्हिस्की.