अखंड तक्रारनाम सप्ताह

गावात सप्ताह बसला की काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन आणि सरतेशेवटी काला, असा क्रम ठरलेला असतो. ऑनलाइन लॅपटॉप मागवणाऱ्यांच्या घरीही हल्ली सप्ताह बसतो. 'सेव्हन डेज रिप्लेसमेंट' असं त्याचं कंपनीने ठेवलेलं नाव. गावच्या सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकू देत नाहीत; इथे फोन टेकू द्यायचा नसतो. भजन कंपनीच्या बाजूने चालू असतं: "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा."

आमच्या सोसायटीतल्या काकू निवृत्त मुख्याध्यापिका. नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून त्यांनी सेलमध्ये लॅपटॉप मागवला. स्क्रीनवर घड्याळ उलटं पळत होतं आणि 'फक्त २ शिल्लक' असं लाल अक्षरांत लिहिलं होतं. (दुसऱ्या दिवशीही ते २ च होते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये असल्या १३ फसव्या युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली, त्यात 'खोटी घाई' पहिल्या क्रमांकावर आहे. म्हणजे वर्गात पहिला नंबर काढलेली लबाडी.)

लॅपटॉप आला, उघडला, तर पडद्याच्या डावीकडे वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ. काकू म्हणाल्या, "समास छान आखलाय, पण मी सांगितला नव्हता."

ॲपवर परतीचं बटण दाबलं, तर वस्तू परत का हवी याची कारणं निवडायची होती. कारणं निवडून पुढे गेलं की 'या वस्तूसाठी परतावा उपलब्ध नाही, तंत्रज्ञ भेट देईल' असं उत्तर. मग कारण विचारलं कशाला? काकूंच्या मते, विद्यार्थ्याला बोलतं ठेवायची ही पद्धत त्याही वापरत असत, पण निदान मार्क द्यायच्या.

तिसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला. पोरगा गुणी होता, चपला बाहेर काढून आला. त्याने लॅपटॉप बंद करून चालू केला आणि रेघ गायब! त्याने फोटो काढला, 'दोष आढळला नाही' वर टिक केली, ओटीपी घेतला आणि गेला. तो लिफ्टमध्ये शिरेपर्यंत रेघ परत जागेवर. काकूंनी त्याला जिन्यावरून हाक मारून वर आणलं. त्याने रेघ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि हळहळून म्हणाला, "काकू, दिसतेय मला. पण माझ्या ॲपमध्ये 'जाते-येते' असा ऑप्शनच नाही."

कस्टमर केअर म्हणालं, ब्रँडकडून डीओए लेटर आणा. डीओए म्हणजे 'डेड ऑन अरायव्हल'. यंत्र दारात पोचलं तेव्हाच मेलेलं होतं, असा दाखला. काकू रिक्षा करून सर्व्हिस सेंटरला गेल्या. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, हे डेड कुठंय? चालू आहे की. पॅनल बदलून देतो, १५ दिवस लागतील." नवा कोरा घेतलेला लॅपटॉप दुरुस्त होऊन यायचा, आणि त्याचंही कौतुक 'वॉरंटीत फुकट' म्हणून. मध्ये रविवार गेला. सातव्या रात्री बारा वाजता ॲपमधलं ते बटणच नाहीसं झालं. काला झाला, मंडळी पांगली.

आठव्या दिवशी फोनवरची मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सॉरी मॅम, पॉलिसीच तशी आहे." या वाक्यापुढे शहाणीसुरती माणसं मान का तुकवतात, हे मला कळत नाही. ज्या पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत उभी केली, त्याच पुण्यात कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी पावभर शेंगदाण्यांवरून अर्धा तास भांडणारा माणूस 'पॉलिसी' ऐकली की गप्प होतो.

काकू गप्प बसल्या नाहीत. त्यांनी नियम छापून घेतले आणि लाल पेनाने अधोरेखित केले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, ई-कॉमर्सचे नियम जुलै २०२० चे. त्यात स्वच्छ म्हटलंय की माल सदोष असेल, नकली असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. "यात 'सात दिवस' कुठे आहे, दाखव," असं काकूंनी त्या मुलीला विचारलं. तिकडून पुन्हा भजन सुरू झालं.

एक मात्र कबूल करायला हवं. 'रंग आवडला नाही', 'मेहुण्याने हाच स्वस्तात घेतला' या कारणांवर माल परत करायचा हक्क आपला कायदा देत नाही. युरोपात ऑनलाइन खरेदीनंतर १४ दिवसांत कारण न सांगताही बहुतेक वस्तू परत करता येतात. आपल्याकडे तेवढ्यापुरती कंपनीची मेहेरबानी चालते. पण हिरवी रेघ ही आवडनिवड नव्हे. आणि जीएसटीची वजावट मिळावी म्हणून लॅपटॉप धंद्याच्या नावावर घेणाऱ्यांनी जपावं. व्यापारी कारणासाठी घेतला असं ठरलं, तर तुम्ही या कायद्याचे ग्राहकच उरत नाही. स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगाराला तेवढी सूट आहे.

काकूंनी मग तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र धाडलं. हा अधिकारी प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला नेमावाच लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. त्याचं नाव ॲपच्या तळाशी, चष्म्याचा नंबर तपासायच्या अक्षरांत सापडलं. उत्तर आलं, 'वाद झाल्यास न्यायक्षेत्र बंगळूरु.' काकूंनी उलट लिहिलं: ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, आणि तक्रारीची मुदत सात दिवस नसून दोन वर्षं आहे. खाली सही, आणि सवयीने 'माजी मुख्याध्यापिका'.

कंपनी नरमली. पण पैसे देऊ केले ते ॲपच्या वॉलेटमध्ये! काकू म्हणाल्या, "मी बँकेतून दिले, बँकेतच घेईन." तेही झालं.

सगळ्यांचं असं पत्रावर भागत नाही. आयोगाने तीन महिन्यांत, आणि माल प्रयोगशाळेत तपासावा लागला तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. तारखांचा अनुभव असणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचून हसून घ्यावं. पण कंपन्यांचं सगळं गणित, तुम्ही तिथवर जाणारच नाही यावर बसवलेलं आहे. म्हणून खोकं लगेच रद्दीत देऊ नका, उघडतानाचा व्हिडिओ काढा, सिरियल नंबर बिलाशी ताडून पाहा, फोनवरचं बोलणं ईमेलवर लिहून मागा. तंत्रज्ञ येईल तेव्हा कागदावर जे लिहिलं जाईल ते वाचल्याशिवाय ओटीपी सांगू नका. आणि समोरून 'पॉलिसी' ऐकू आली की फोन ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवा. मराठीतही बोलता येतं.