आधी लाडू, मग ओटीपी

दिवाळी आली की भिवंडीजवळच्या आमच्या मानकोलीत दोन ठिकाणी कोंडी होते. नाक्यावर कंटेनरची आणि माझ्या ओटीवर सहानुभूतीची. "बाई, यंदाही एकट्याच का?" हे वसुबारसेपासून सुरू होतं. विचारणारीचा चेहरा असा पडलेला, की मलाच तिला पाणी द्यावं लागतं.

एकटं राहणं हा आता जागतिक विषय झालाय म्हणे. ब्रिटनने 2018 साली त्यासाठी मंत्री नेमला, 2021 मध्ये जपानने. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी 2023 मध्ये बजावलं, की माणसांपासून तुटून राहणं दिवसाला 15 सिगारेटी ओढण्याइतकं घातक ठरू शकतं. जन्मात मशेरीलाही बोट न लावलेली मी, लेकीने हे वाचून दाखवल्यावर उगाच खोकून घेतलं. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे. लेकीने तो नंबर माझ्या फोनमध्ये भरून ठेवलाय. वेळ सकाळी आठ ते रात्री आठ. त्यानंतर वाटणारा एकटेपणा आपल्या जबाबदारीवर.

माझा एकटेपणा मात्र शाळामास्तरणीला शोभेल असा शिस्तीचा. वर्षभर फिरकत नाही. नरकचतुर्दशीला पहाटे हजर होतो, आणि कुठे, तर पाठीच्या बरोबर मधोमध. उजवा हात वरून तिथवर पोचत नाही, डावा खालून. 'हे' होते तेव्हा ती जागा त्यांच्याकडे होती. वर्षभरात मी जे जे बोलले असेन त्याचा हिशेब उटण्यासकट तिथे चुकता व्हायचा. आता मी लाटण्याला जुना पंचा गुंडाळते, त्यावर उटणं थापते आणि घासते. जमतं. तुळशीपाशी अंगठ्याने कारीट फोडून 'गोविंदा गोविंदा'ही आपणच ओरडायचं. समोरचा कुत्रा दरवर्षी नव्याने दचकतो.

केस पुसतेय तोवर ब्रॅम्प्टनहून मुलाचा व्हिडिओ कॉल. इथे पहाटेचे पाच, कॅनडात आदल्या संध्याकाळचे साडेसात.

"आई, झाली आंघोळ?"

"झाली. तुझा नरकासुर अजून जिवंत आहे, तू जेवून घे."

मग ताटं येऊ लागतात. एकटीसाठी ही बाई कशाला काय करत बसणार, असं आळीतल्या प्रत्येकीला स्वतंत्रपणे वाटतं. त्यामुळे भरल्या घरात नसेल एवढा फराळ माझ्याकडे जमतो. ताट रिकामं परत करायचं नाही, म्हणून हिच्या करंज्या तिच्या ताटात, तिचा चिवडा हिच्या. माझं स्वयंपाकघर म्हणजे भिवंडीचं गोदामच: माल आला, माल गेला, आपण फक्त नोंद ठेवायची. माझ्या सोऱ्याच्या ताटलीचा एक दात झिजलाय, चकली एका अंगाने बोडकी पडते. लक्ष्मीपूजनाला एका ताटातून तीच बोडकी चकली फिरून माझ्याकडे आली. "घरची आहे हो बाई, खाऊन तर बघा," असा आग्रहही झाला. मी खाल्ली. चांगली होती.

खरी गोदामं मागच्या दारातून दिसतात. तिथे पूर्वी भाताची खाचरं होती. मुंबईची जकात चुकवायची तर हद्दीबाहेर माल उतरवावा, म्हणून व्यापारी इकडे आले. 2017 साली जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं वाढतच राहिली. सगळ्या मुंबईची दिवाळी आधी आमच्या परसात येऊन पडते.

यंदा मुलाने कॅनडात बसूनच ऑनलाइन मिक्सर पाठवला. मोबाइल सांगत होता, पार्सल भिवंडीत आहे. ते मलाही दिसत होतं, म्हणजे पत्रे तरी. दुसऱ्या दिवशी ते मुंबईला गेलं. तिसऱ्या दिवशी परत भिवंडीत. माझ्या शेजारून निघून एवढा प्रवास करून ते लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आलं, आणि आणणारा पोरगा फोनवर म्हणाला, "आजी, लोकेशन टाका ना."

"मागे वळून बघ, हात करतेय ती मी."

पोरगा परतूरकडचा. पाठीवर त्याच्याहून मोठी पिशवी. "आजी, ओटीपी सांगा पटकन."

आणि त्या क्षणी मला कळलं, आपल्या हाती काय आलंय ते. गावात 'या, बसा' म्हटलं तरी कुणी थांबत नाही. हा मात्र चार आकड्यांवाचून उंबरा सोडू शकत नव्हता.

"आधी लाडू, मग ओटीपी."

"आजी, अजून वीस पार्सलं आहेत."

"मग पटापट खा."

उभ्या उभ्या खाल्ला. दुसरा मागून घेतला. या दिवाळीला सुट्टी नाही, आई रागावलीय, हे तिसऱ्या घासाला सांगितलं. मी आईला फोन लावायला लावला आणि 'पोरगा जेवलाय' असं बाईंच्या आवाजात ठणकावून सांगितलं. मग एकेक आकडा सावकाश दिला. तीन सांगून चष्मा शोधायला आत गेले.

पाडव्याला मी वातींचं पाकीट मागवलं. किंमत बेताची, पैसे दारात द्यायचे. तो आला, चकली खाऊन "एका बाजूने सपाट का?" असं विचारणारा तो आळीतला पहिला माणूस. जाताना म्हणाला, वाती नाही आवडल्या तर सात दिवसांत परत करता येतात, न्यायला मीच येईन.

वाती उत्तम आहेत. मी परत करणार आहे.