बेदखली

कुळाला जमिनीवर घेण्यास मालकाचा एक तोंडी होकार पुरतो, परंतु तेच कूळ उठवावयाचे म्हटले की अर्ज, नोटीस, जबाब, पंचनामा, सुनावणी, निकाल आणि त्या निकालावर अपील एवढा प्रपंच उरकल्यानंतरही ते बांधावर उभे राहून मालकालाच "काय काम काढलंत?" असे विचारते, हे मी तहसील कचेरीत अव्वल कारकून असताना इतक्या वेळा पाहिले होते की, निवृत्तीनंतर माझ्या टेबलावर मावणाऱ्या आणि कोणत्याही सातबाऱ्यावर नोंद नसलेल्या संगणकात तोच दावा नव्याने उभा राहिला तेव्हा मला आश्चर्य न वाटता, आपण पुन्हा रुजू झालो आहोत असे एक प्रसन्न समाधानच वाटले.

वादी विंडोज सेव्हन. प्रतिवादी विंडोज एक्सपी. वादमिळकत हार्ड डिस्क एक, क्षेत्र १६० जीबी. प्रतिवादीचा जन्म ऑक्टोबर २००१ चा. संगणक विकत घेतला त्याच दिवसापासून तो या मिळकतीवर निर्वेध वहिवाट करीत होता. वादी ऑक्टोबर २००९ मध्ये बाजारात आला आणि पुढे केव्हातरी एका दुरुस्तीवाल्या गृहस्थाने "काका, जुनं असू द्या, शेजारी नवंही टाकून देतो, दोन्ही वापरा" असे उदार उद्गार काढून, मिळकतीची सरस-निरस वाटणी करून त्याला उरलेल्या क्षेत्रात बसवून दिले. सदर गृहस्थाने आपले दुकान पुढे कोठे हलविले याचा पत्ता लागला नाही. वाटणी करणारे बहुधा असेच करतात.

तेव्हापासून संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन नावे उमटत. त्यांपैकी खाली 'विंडोज सेव्हन' हे स्वच्छ लिहिलेले असे. वर मात्र एक्सपीचे नावही न घेता 'अर्लियर व्हर्जन ऑफ विंडोज', म्हणजे कचेरीच्या भाषेत 'पूर्वीचा इसम', एवढाच मोघम उल्लेख असे, आणि खाली तीसपासून उलटे आकडे मोजले जात. मी सेव्हनवर पट्टी नेऊन कळ दाबावी, यंत्राने मान्य करावे आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा त्याच गांभीर्याने विचारावा, असा क्रम चालला होता. "अहो, ते रोज विचारतं आणि तुम्ही रोज तेच सांगता, एकदा लेखी का देत नाही?" असे आमच्या सौभाग्यवतींनी एकदा म्हटले. कज्जाचे मर्म बायकांना लवकर कळते.

या दोन सहहिस्सेदारांचे परस्परसंबंध तर पाहण्यासारखे होते. सेव्हन सुरू केल्यास तो स्वतःच्या हिश्शाला 'सी' म्हणे आणि एक्सपीच्या हिश्शाला 'डी'. एक्सपी सुरू केल्यास तो नेमके उलट म्हणे. दोघांचे एकमत होण्याचा प्रसंगच येत नसे, कारण एक जागा असताना दुसरा निजलेला असे. भाऊबंदकीचे इतके शांततामय स्वरूप मी अन्यत्र पाहिलेले नाही.

८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीची कंपनीकडून होणारी देखभाल संपली आणि माझा भाचा, जो संगणकशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे आमच्या घरी न्यायाधीश आणि बेलिफ या दोन्ही हुद्द्यांवर एकाच वेळी काम करतो, तो सुट्टीत आला असता म्हणाला, "मामा, याला आता सिक्युरिटी अपडेट येत नाहीत. नेटला जोडून हे चालवू नका. काढून टाकू या, पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांची कामे मी कचेरीत पाहिलेली आहेत. त्यांच्या फायली सर्वांत जाड असतात.

शिवाय एक्सपीच्या बाजूने दोन हरकती दाखल होत्या. पहिली सौभाग्यवतींची. एक्सपीच्या पडद्यावर निळ्या आकाशाखाली जी हिरवी टेकडी दिसते ती पाचगणीच्या अलीकडे कोठेतरी आहे, अशी त्यांची दृढ समजूत होती, आणि ती चार्ल्स ओरिअर नामक छायाचित्रकाराने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात टिपली हे भाच्याने सप्रमाण सांगितल्यावरही त्यांनी "असेल, पण अशीच एक पाचगणीलाही आहे" एवढ्यावर तडजोड केली. दुसरी हरकत माझी स्वतःची आणि अधिक गंभीर होती, कारण ती आमच्या समस्त कुळाच्या वतीने होती.

आमच्या कुलवृत्तांताचे संपादन माझ्याकडे आहे. त्याची जुळणी पेजमेकरमध्ये, युनिकोडपूर्व काळातील मराठी टंकात झालेली, आणि तो टंक ज्या आज्ञावलीतून चाले तिला संगणकाच्या पाठीमागे छपाईयंत्राच्या जागी खोचावयाचे एक 'लॉक' लागे. ते लॉक फक्त एक्सपी ओळखत असे. त्या काळी मराठी टंक करणाऱ्या प्रत्येकाने रोमन अक्षरांच्या घरांत आपापल्या सोयीने देवनागरीचे तुकडे बसविलेले असल्यामुळे, एकाचा मजकूर टंकाविना उघडला की अक्षरांच्या मुखवट्यामागची ती मूळ घरे उघडी पडत. सेव्हनमध्ये मी एकदा वंशवृक्षाचे पहिले पान उघडून पाहिले, तो कोकणातून घाटावर आलेल्या आमच्या मूळ पुरुषाच्या जागी एक पौंडाचे चिन्ह, दोन उद्गारचिन्हे आणि डोक्यावर टोपी घातलेला एक फ्रेंच स्वर बसलेले होते. मूळ पुरुषाविषयी घराण्यात प्रवाद पुष्कळ आहेत. पण इतका नव्हता.

वास्तविक देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच, म्हणजे त्या संहितेच्या पहिल्या आवृत्तीतच, स्थान मिळाले होते, आणि कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला 'मंगल' टंक विंडोजमध्ये येऊनही वर्षे लोटली होती. परंतु एक्सपीत त्यासाठी भाषांच्या चौकटीतील एका आडबाजूच्या घरात बरोबरची खूण करावी लागे आणि ती केली की यंत्र मूळ सीडी मागे. आणि मूळ सीडी ही वस्तू मूळ खरेदीखतासारखीच, असते निश्चित पण सापडत नाही. म्हणून कुळाचा इतिहास जुन्या टंकातच राहिला, आणि त्याच्यापायी जुना इसमही राहिला.

तेव्हा मी भाच्यास बजावले की, आधी दप्तराचा ताबा, मग बेदखली. त्याने एक्सपी उघडून कुलवृत्तांताच्या पीडीएफ प्रती करून घेतल्या, मी एक छापील प्रत बांधून घेतली, आणि मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी त्याने कोठलासा परिवर्तक लावला. परिवर्तकाने काम झपाट्याने केले, मात्र जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर लिहिला जात असल्याचे त्याच्या पुरते ध्यानात न आल्यामुळे आमच्या पणजीबाई पार्वतीबाई या 'पावर्तीबाई' होऊन परतल्या आणि सर्व गोविंदांची वेलांटी सुटून ते 'गोिवंद' झाले. मुद्रितशोधनात पुढचा पावसाळा गेला; ती कथा निराळी.

दप्तर हाती आल्यावर भाच्याने काळी खिडकी उघडून 'बीसीडीएडिट' नामक आज्ञेने एक्सपीची नोंद खारीज करण्याचा अर्ज केला. तो प्रथम 'प्रवेश नाही' म्हणून परत आला, कारण अर्जदाराने प्रशासकाच्या अधिकाराने खिडकी उघडलेली नव्हती. अधिकारपत्र जोडून पुन्हा केला, तेव्हा सदर इसम नामांकित असल्याने सक्तीच्या शेऱ्यावाचून त्याची नोंद काढता येत नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. अखेर आज्ञेच्या शेवटी तिरकी रेघ आणि 'एफ', म्हणजे 'फोर्स', एवढे दोन वर्ण लिहिल्यावर काम झाले. दुसऱ्या खेपेस संगणकाने काहीही न विचारता सेव्हन उघडला, सौभाग्यवतींनी "आता कसं!" म्हटले आणि भाचा विजयी मुद्रेने चहा मागू लागला.

"नोंद कमी झाली," मी म्हणालो, "कब्जाचं काय?"

कारण कागदावरून नाव गेले म्हणजे शेतातून माणूस जातो असे नाही. डी उघडून पाहिला तो एक्सपी आपल्या सर्व चीजवस्तूंसह जागच्या जागी होता. भाच्याने त्याचे फोल्डर धरून डिलीटची कळ दाबली. परवानगी नाकारण्यात आली. माझ्याच जुन्या खात्याच्या फोल्डराची मालकी पाहिली तर तेथे माझ्या नावाऐवजी 'अकाउंट अननोन' असे लिहून पुढे 'एस' अक्षरापासून सुरू होणारा एक लांबलचक आकडा होता. सेव्हनच्या लेखी मी कोणी परागंदा झालेला खातेदार होतो, आणि माझ्याच कागदांची मालकी माझ्याकडे घेण्यासाठी मला स्वतःविरुद्ध अर्ज करावा लागला. "मग सरळ फॉरमॅट करतो," म्हणून भाच्याने डिस्क मॅनेजमेंट उघडले. तेथे 'डिलीट व्हॉल्यूम' हा पर्याय फिकट पडलेला. अनुज्ञेय नसलेली गोष्ट अशी फिकट करून दाखविण्याची युक्ती आमच्या कचेरीत असती तर निम्मे अर्जदार पायरीवरूनच परतले असते.

येथे मात्र भाच्याची विद्या थांबली आणि माझी सुरू झाली. तो पर्यायांकडे पाहत होता. मी खाली काढलेल्या नकाशाकडे पाहत होतो. डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटांच्या खणात अवघ्या ६४ बाइटांचे वाटणीपत्र असते, त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात, ही १९८३ पासून चालत आलेली व्यवस्था आणि पाचवा हिस्सा हवा असल्यास चौथ्याचे पोटहिस्से पाडण्याची नंतर निघालेली तोड ऐकूनच मला या शास्त्राविषयी आत्मीयता वाटू लागली होती. नकाशात दोन्ही हिश्शांची प्रकृती 'हेल्दी' दाखविली होती, त्यातही देखभाल संपलेल्या एक्सपीची. सेव्हनच्या पुढे 'बूट, पेज फाइल, क्रॅश डम्प' अशी घरगुती बिरुदे होती. परंतु एक्सपीच्या पुढे 'सिस्टिम, ॲक्टिव्ह' हे दोनच शब्द होते, आणि तेच मानाचे होते.

उलगडा झाला तो असा. सेव्हन वस्तीला आला तेव्हा एक्सपीचाच हिस्सा 'ॲक्टिव्ह', म्हणजे रस्त्याला तोंड असलेला, होता. म्हणून सेव्हनने आपला द्वारपाल 'बूटएमजीआर' आणि त्याची वही, दोन्ही एक्सपीच्या जागेत ठेवली. यंत्र रोज प्रथम पूर्वीच्या इसमाच्या दारात जाई, तेथे बसलेला सेव्हनचा माणूस वही पाही आणि मग सेव्हनला उठवी. इतकी वर्षे नवा मालक जुन्या कुळाच्या ओसरीतून कारभार पाहत होता! ती जागा पाडली असती, तर दुसऱ्या सकाळी द्वारपाल गहाळ असल्याची एक ओळ काळ्या पडद्यावर उमटून वादी आणि प्रतिवादी दोघेही एकदमच बेदखल झाले असते. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कसणाऱ्या कुळांना ज्या कायद्याने मालक मानले, तो डिस्कला लागू असता तर एक्सपीने दावा खर्चासह जिंकला असता.

नंतरचे काम थोडक्यात आटोपले. 'बीसीडीबूट' या आज्ञेने द्वारपाल आणि वही यांच्या नव्या प्रती सेव्हनच्या स्वतःच्या हिश्शात उतरविल्या, तो हिस्सा 'ॲक्टिव्ह' केला, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, आणि 'सिस्टिम' हे बिरुद स्थलांतरित झाल्याचे नकाशात डोळ्यांनी पाहिल्यावरच मी भाच्याला पुढे जाऊ दिले. त्यापूर्वी त्याने एक्सपीच्या विंडोज, वेब, वॉलपेपर अशा तीन दालनांतून 'ब्लिस' नावाची ती हिरवी टेकडी शोधून मामीच्या हवाली केली व पहिली हरकत निकालात निघाली. मग फिकट पर्याय गडद झाला होता, तो दाबला, 'खात्री आहे का' या प्रश्नास होय म्हटले, आणि निळा पट्टा काळा पडून त्यावर 'अनअलोकेटेड', अर्थात पडीक, असा शेरा आला.

ती पडीक जागा सेव्हनला जोडून द्यावी असा भाच्याचा आग्रह होता. परंतु डिस्क मॅनेजमेंट केवळ उजव्या बांधाची जागा जोडून देते आणि ही होती डावीकडे. जीपार्टेड वापरून सबंध सेव्हनच डावीकडे सरकविता येतो असे तो म्हणाला. बांध सरकविण्याची सूचना अव्वल कारकुनासमोर करावयाची नसते, विशेषतः ते काम तासन्‌तास चालणारे असून मध्येच वीज जाण्याची शक्यता असेल तेव्हा. त्या जागेचा स्वतंत्र हिस्सा करून मी तेथे कुलवृत्तांत ठेवला, पावर्तीबाईंसह.

ज्या वाचकांच्या यंत्रात असा पूर्वीचा इसम अद्याप नांदत असेल, त्यांनी आपले दप्तर आधी बाहेर काढावे, डिस्क मॅनेजमेंट उघडून 'सिस्टिम' हा शब्द कोणाच्या नावापुढे आहे ते स्वतः वाचावे, आणि तोपर्यंत पाच मिनिटांत काम करून देणाऱ्या भाच्यास, तो कितीही हुशार असला तरी, चहा आणि पोहे देऊन दुसऱ्या खोलीत बसवावे.