आधी क्वेरी, मग सर्जरी

डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ उघडलं, तेव्हापासून सीमेपलीकडची माणसंही पोट धरून मिरजेची वाट धरतात. वॉनलेससाहेब पेशंटला तपासायचे आणि टेबलावर घ्यायचे. मंजुरी लागलीच तर वरच्याची. आता वरच्याच्याही वर विमा कंपनीचे दावे तपासणारा टीपीए आहे.

परवा रायबागचा एक पेशंट आला. अपेंडिक्स फुटायच्या बेतात. सर्जननी पोट दाबून निदान केलं, सोनोग्राफीनं दुजोरा दिला, कागद विमा कंपनीकडे गेले. तिथल्या डॉक्टरांना पोट दिसत नाही, पीडीएफ दिसते. क्वेरी आली : कधीपासून दुखतंय? कालपासून. पुरावा? पहिल्या तपासणीचा कागद जोडा. बीपी किती वर्षांपासून? बीपी नाही. मग नसल्याचं लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी द्या. शेवटी मेव्हण्यानं ट्रॅक्टरच्या हप्त्याचे पैसे अनामत म्हणून काउंटरवर ठेवले, तेव्हा कुठे पेशंट आत गेला. हल्ली सर्जनचा हात पोटात कमी आणि लेटरहेडवर जास्त चालतो.

नियम नाही असं नाही हो. विमा नियामकांनी मे २०२४ मध्ये बजावलंय : कॅशलेसचा निर्णय तासाभरात, डिस्चार्जचा तीन तासांत, त्याहून उशीर झाला तर वाढीव खर्च कंपनीनं भागधारकांच्या पैशातून सोसायचा. कंपन्यांनी नियम शिरसावंद्य मानला. तासाच्या आत उत्तर येतंच. एकोणसाठाव्या मिनिटाला, क्वेरीच्या रूपानं. तुम्ही खुलासा पाठवला की तास नव्यानं सुरू.

सरकारी योजनेतही सुटका नाही. महात्मा फुले योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार, पण तिथंही प्री-ऑथ, म्हणजे आधी मंजुरी, आहेच. रेशन कार्डावरचा बाळू आणि आधारवरचा बाळासाहेब एकच, हे आरोग्यमित्रांच्या टेबलावर सिद्ध होईपर्यंत मुतखड्यानं कळ काढायची.

तर रायबागकर बरे झाले. सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले, जावा आता घरी. बायकोनं पिशव्या भरल्या, मेव्हण्यानं रिक्षा सांगितली. फायनल अप्रूव्हल येईना. रिक्षा गेली, बेळगावची पॅसेंजर गेली. ती कॉट ज्याला मिळायची होती, तो बाहेर बाकड्यावर सलाईन लावून बसला. तिन्हीसांजेला कंपनीचा मेल आला. सगळे डेस्कभोवती गोळा झाले.

‘डिस्चार्ज कार्डावर पेशंटची प्रकृती सकाळी दहापासून उत्तम असल्याची नोंद आहे. प्रकृती उत्तम असताना पेशंटला संध्याकाळपर्यंत अ‍ॅडमिट का ठेवले, याचा खुलासा करावा.’