दाजींना एकदा दाखवून घ्या

परभणी जिल्ह्यात जुनी मोटारसायकल बघायला एकट्यानं जाणाऱ्याला लोक एकतर साध्या वेशातला पोलीस समजतात, नाहीतर येडं. सोबत दाजी लागतात. सेलू, जिंतूर, मानवत, गंगाखेड, पूर्णा, कुठंही जा, त्या गावाचे म्हणून एक दाजी असतातच. सोयरिकीनं ते एकाच घरचे जावई. पण जुनी गाडी घ्यायची म्हटलं की अख्खा तालुका त्यांचा मेहुणा होतो. वय साठीच्या अलीकडं-पलीकडं, खिशात लोहचुंबक आणि तोंडात कायम एकच तक्रार, "आता कुठं राहिल्या गाड्या!"

दाजींचे वडील बैलबाजारातले हेडी, म्हणजे दलाल होते. लाल कंधारी खोंडाचा जबडा उघडून दोन दाती, चार दाती, जुळलेला, असं वय सांगायचे. भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, शेजारी उभ्या असलेल्या भावालाही पत्ता लागायचा नाही. पुढं शेतात ट्रॅक्टर आले, बैलांचा बाजार उतरला. विद्या तेवढी घरात राहिली. म्हणून दाजी किलोमीटरच्या आकड्याकडं ढुंकूनही बघत नाहीत. "काटा माणसाच्या हातात असतो," म्हणतात, आणि थेट ब्रेकचा पायटा, किकचं रबर न् हँडलच्या मुठी बघतात. मीटरवर बावीस हजार आणि पायट्यावरच्या रेघा साफ गेलेल्या असल्या, की मालकाला नुसतं विचारतात, "गाडी देवघरात ठेवत होता का?"

हल्ली गिऱ्हाईक येतं ते बहुतेक यामाहा आरएक्स-१०० साठी. १९८५ साली एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत आलेली ही गाडी १९९६ ला बंद झाली. इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ हॉर्सपॉवर. नवी होती तेव्हा वीस हजारांच्या आत मिळायची, आज जरा बरी दिसणारी असली तर मालक लाखाच्या खाली बोलत नाही. घेणारा मुलगा मूळचा इकडचाच, पण हिंजवडीत नोकरीला. वडिलांची आरएक्स बहिणीच्या लग्नात विकली गेली, ते त्याच्या मनातून गेलेलं नाही. त्याला खरं तर गाडी नको असते, वडिलांच्या पुढं टाकीवर बसलेला सहा वर्षांचा पोरगा हवा असतो. आणि विकणाऱ्याला हे त्याच्या आधी कळलेलं असतं.

दाजी म्हणून आधी त्यालाच तयार करतात. "हे बघ, तोंड पाडून उभं ऱ्हायचं. टाकीकडं बघायचं न्हाई. तू टाकीकडं बघितलास की पाच हजार वाढले. 'वा' म्हनलास की दहा."

पोरगा गाडी दिसताक्षणी 'वा' म्हणतो.

मग परीक्षा सुरू. किक मारायच्या आधी दाजी सायलेन्सरला हात लावतात. गरम लागला तर गाडी आपण यायच्या आत तापवून ठेवलीय, म्हणजे थंड असताना ती लवकर चालू होत नाही. शास्त्र बिनतोड आहे, अडचण एवढीच की परभणीच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा सायलेन्सर चालू न करताही फोड आणतो. त्यामुळं उन्हाळ्यात दाजी सकाळी सातच्या आत परीक्षा घेतात, नंतर निकाल राखून ठेवतात. मग चुंबक टाकीवर फिरतं. जिथं चिकटत नाही तिथं पत्र्यावर पुट्टी चढलीय. मग धूर. टू-स्ट्रोक गाडी थोडा धूर सोडणारच. या गाडीला ऑईलची वेगळी टाकी आणि पंप असतो. पुष्कळांनी तो पंप काढून ऑईल पेट्रोलमध्ये मिसळायला सुरुवात केलेली असते. तसं असेल तर मालक ते सांगतो का, यावर दाजींचं लक्ष असतं. गाडीपेक्षा मालकाचा धूर त्यांना लवकर दिसतो.

खरा घाव कागदावर बसतो. "पंच्याऐंशीचं मॉडेल आहे दाजी, पहिल्या लॉटचं, जपानी माल," असं मालक छातीवर हात ठेवून सांगतो. दाजी नंबरप्लेट वाचतात. एमएच-२२. मग अगदी गरिबीनं विचारतात, "पंच्याऐंशीला कुठं होतं हो एमएच बावीस?" हे नवे नंबर १९८९ ला लागू झालेल्या नव्या कायद्यानंतरचे, त्याआधी 'एम'नं सुरू होणारी तीन अक्षरं असायची. मालक मधेच चहा मागवतो. मग पेन्सिलीनं घासून चेसी नंबर कागदावर उतरवायचा, आरसी बुकाशी ताडायचा, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांचं पासिंग आणि पर्यावरण कर भरलाय का ते बघायचं. 'कागद क्लिअर आहेत' या वाक्याचा आमच्याकडचा अर्थ असा, की मूळ मालक वारला, वारस चार, त्यांतले तीन एकमेकांशी बोलत नाहीत आणि चौथा सुरतला आहे.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही उगीच म्हणत नाही. जर्मनीत तीस वर्षांपुढची गाडी मूळ रूपात, नीट राखलेली असली तर तज्ज्ञ तपासून तसा दाखला देतो आणि नंबरप्लेटवर शेवटी 'एच' अक्षर येतं. आमच्याकडं दाखला तोंडी असतो आणि तज्ज्ञाला सोबत पान लागतं.

बाकीच्या गाड्यांवर दाजी वेळ घालवत नाहीत. बुलेट म्हटलं की, "बिडाचं इंजिन, उजवीकडं गिअर असंल तर बोल." येझदी म्हटलं की म्हैसूरचा कारखाना बंद पडल्याचं सुतक. राजदूतचा विषय दुधवाल्यापाशी संपतो. अपवाद फक्त 'बॉबी' पिक्चरमधली बुटकी राजदूत. तिचं नाव काढलं की दाजी थोडे लाजतात, आणि आपण पुढं विचारू नये.

शेवटी भाव. दोष मोजताना बोअर-पिस्टनचा खर्च, क्रँकचा खर्च, टाकीचा रंग असं सगळं वजा होतं; मूळ सायलेन्सर, मूळ मीटर, बाजूची मूळ झाकणं यांची बेरीज होते. हा हिशेब चोख असतो आणि कुणाच्याच कामाला येत नाही, कारण पोरगा तोवर गाडीवर बसलेला असतो. दाजी मालकाला बाजूला घेतात, हातात हात घालतात. वरून रुमाल नसतो एवढंच. परत येऊन मालकाच्या देखत पोराला म्हणतात, "फुकटात पडली." जाताना मालकाच्या कानात म्हणतात, "लुटलंस की रं लेकराला." दोघंही खूश. दाजी चहा दोन्हीकडून घेतात, आणि त्या चहाचा नेमका आकडा मी कधी विचारलेला नाही, कारण मलाही एक गाडी बघायची आहे.

सहा महिन्यांनी पोराची कंबर धरते, सोसायटीतले लोक धुराची तक्रार करतात आणि गाडी टेम्पोत घालून गावी परत येते. विकायची म्हणजे पुन्हा दाजीच. दाजी येतात. चुंबक काढून टाकीवर फिरवतात, नंबरप्लेट वाचतात, पायटा बघतात आणि कळवळून विचारतात, "ही तुझ्या गळ्यात कुनी मारली रं?"