वायफायचा पासवर्ड काय हो?

हॉटेलात पाऊल टाकल्यावर आधी खोलीची किल्ली मागावी की वायफायचा पासवर्ड, याबद्दल जाणकारांत मतभेद नाहीत. किल्ली न मागताही मिळते. पासवर्ड मात्र संकोची माणसाला रात्रीच्या जेवणापर्यंत मिळत नाही, आणि तोवर ग्रुपवर शेजाऱ्यांचे फोटो पडलेले असतात.

प्रस्तुत मार्गदर्शन प्रवासात इंटरनेट स्वस्तात, शक्यतो फुकटात, मिळवू पाहणाऱ्या सुजाण प्रवाशांसाठी आहे. ज्यांचं बिल कंपनी भरते त्यांनी पान उलटावं. घरी रोजचा दीड जीबी वाया जाऊ नये म्हणून रात्री अकरा वाजता नेटाने मांजरांचे व्हिडिओ बघणारा माणूस उंबऱ्याबाहेर पडला की एकेका एमबीचा हिशेब ठेवू लागतो. या मनोवस्थेलाच पर्यटन म्हणतात.

अभ्यासाची सुरुवात रेल्वे स्टेशनपासून करावी. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गूगल आणि रेलटेल यांनी मिळून मोफत वायफाय सुरू केलं आणि पुढे ते चारशेहून अधिक स्टेशनांवर पोचलं. २०२० मध्ये गूगलने काढता पाय घेतला. कारण असं दिलं की मोबाइल डेटा आता इतका स्वस्त झालाय की या सोयीची पूर्वीसारखी गरज उरली नाही. हे कारण गूगलला पटलं, आपल्याला पटलेलं नाही. रेलटेलने सेवा पुढे चालू ठेवली आणि २०२१ मध्ये नियम केला: पहिला अर्धा तास फुकट, पुढे हवं असेल तर दहा रुपयांत दिवसाला पाच जीबी. इथे खरी कसोटी लागते. फलाटावरच्या कोमट चहाला दहा रुपये देताना जीवाला काही वाटत नाही, पण वायफायला दहा रुपये म्हटलं की माणूस ताठ होतो. मग तो बायकोचा नंबर टाकून बघतो, नंतर ओटीपी विचारण्यासाठी सासूबाईंना झोपेतून उठवतो. तेवढ्यात गाडी लागते आणि सासूबाई पुढचे सहा तास बोलत नाहीत. (एर्नाकुलम स्टेशनवरच्या एका हमालाने याच वायफायवर, ओझी वाहता वाहता धडे ऐकून, केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास केल्याची बातमी २०१८ मध्ये आली होती. ती इथे देण्याचं कारण एवढंच, की सासूबाई उठल्या तर त्यांना सांगायला काहीतरी असावं.)

कोकण रेल्वेने जाणाऱ्याने जो काही सिनेमा उतरवून घ्यायचा तो पनवेलच्या आत घ्यावा. पुढे नव्वदच्या वर बोगदे आहेत. उक्षी आणि भोके यांच्या मधला करबुड्याचा तर साडेसहा किलोमीटरचा. हे बोगदे म्हणजे निव्वळ अडचण आहे असं समजू नये. चुलत भावाशी जमिनीच्या वाटणीची बोलणी करबुड्याच्या थोडं अलीकडे सुरू करणं हे आमच्याकडे मुत्सद्देगिरीचं लक्षण मानतात. आपलं म्हणणं पूर्ण मांडून होतं, आणि त्याचं उत्तर सुरू होतं न होतं तोच डोंगर मदतीला येतो.

एसटीचं म्हणाल, तर काही वर्षांपूर्वी गाड्यांमध्ये 'मोफत वायफाय' होतं. त्यात इंटरनेट नव्हतं. गाडीतल्या एका डब्यात आधीच भरून ठेवलेले सिनेमे आणि गाणी तेवढी फोनवर दिसायची. तरीही फोनच्या वरच्या कोपऱ्यात वायफायची खूण उमटल्यावर चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं ते खरंच होतं. अंदमानला जाणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. तिथे पूर्वी 'नेटच नाही हो' असं सांगून ऑफिस टाळता यायचं. १० ऑगस्ट २०२० ला चेन्नईहून समुद्राखालून नेलेल्या सुमारे २,३०० किलोमीटरच्या केबलचं उद्घाटन झालं आणि तेही सुख गेलं.

काश्मीर-लडाखला निघताना थर्मलच्या आधी सिम तपासावं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये पोस्टपेड तिघांकडे असतं आणि श्रीनगरला उतरल्या क्षणापासून त्या तिघांना समाजात वेगळं स्थान प्राप्त होतं. शिकाऱ्यात कुणी कुणाजवळ बसायचं यावरून जी कुजबुज होते, ती दल सरोवराच्या सौंदर्याबद्दल नसते.

यातूनच आपण हॉटस्पॉट या नाजूक विषयाकडे येतो. 'हॉटस्पॉट दे' असं थेट म्हणणं असंस्कृतपणाचं आहे. 'अरे, तुला रेंज येतेय का? माझ्याकडे काही येईना' अशी सुरुवात करावी. तो 'येतेय की' म्हणाला की अडकला. मग 'एकच मेसेज टाकायचाय, मुलगी वाट बघत असेल,' असं म्हणावं. लेकीच्या काळजीला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. एकदा फोन जोडला गेला की पुढे तो आपोआप जोडला जातो. शिवाय फोनला दुसऱ्याचा हॉटस्पॉट हे वायफायच वाटतं, त्यामुळे वायफायची वाट बघत थांबलेली सगळी कामं तो उरकून घेतो. तुमचा 'पोचलो, जेवलो' एवढा मेसेज जाईपर्यंत दात्याच्या डेटावर तुमची चार ॲप अपडेट होतात आणि गणपतीतले फोटो बॅकअपला लागतात. देणाऱ्याने यावर दर वीस मिनिटांनी 'बॅटरी संपत आली बरं का' अशी घोषणा करावी. याहून सभ्य उपाय अजून सापडलेला नाही.

आता परदेश. इथे मार्गदर्शन थोडं लांबेल, कारण इथे पैसे परकीय चलनात जातात.

निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर शहरांचे नकाशे फोनमध्ये उतरवून घ्यावेत. फोनमधलं जीपीएस उपग्रहांवरून चालतं, त्याला इंटरनेट लागत नाही. त्यामुळे सिम नसलेला फोनही रोमच्या गल्लीत तुम्ही कुठे उभे आहात ते निळ्या ठिपक्याने दाखवतो. हा सल्ला इतका उपयोगी आहे की तो कुणीच ऐकत नाही. ठिपका दिसत असतानाही आपला माणूस रस्त्यावरच्या पोलिसालाच विचारतो, आणि तेही हिंदीत. भारतातलं सिम काढून डबीत ठेवू नये. बँकेचे ओटीपी त्यावरच येणार, म्हणून रोमिंग चालू आणि डेटा बंद अशा समाधिअवस्थेत ते राहू द्यावं. डेटासाठी तिथलं सिम किंवा ई-सिम घ्यावं. ई-सिम घरबसल्या विकत मिळतं आणि ते घालताना कानातल्याची तार खुपसून फोनचा ट्रे उघडावा लागत नाही.

एवढं करूनही बिल आलं तर त्याचं मूळ बहुधा गावाकडे असतं. मावशी पहाटे साडेपाचला 'शुभ सकाळ' टाकतात: कमळ, सूर्योदय, खाली सुविचार. सहाला भाऊजींचा चार मिनिटांचा व्हिडिओ येतो, 'काकडी खाण्याआधी हे जरूर पाहा.' पॅक न घेता रोमिंगचा डेटा चुकून चालू राहिला आणि फोनने हे सगळं आपणहून उतरवून घेतलं, तर त्या काकडीच्या भावात महाबळेश्वरला दोन दिवस राहून होतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये, स्टोरेज आणि डेटा या भागात, रोमिंगसाठी वेगळी ओळ आहे. तिथे एकही खूण ठेवू नये. ग्रुप सोडण्याचा विचार मात्र मनातही आणू नये. ते बिल पुढच्या तीन लग्नांत फेडावं लागतं.

युरोपात गोष्टी वरकरणी सोप्या आहेत. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या देशांत आपापसात रोमिंगचा जादा आकार नाही. पॅरिसला घेतलेलं सिम इन्सब्रुक, व्हेनिस, रोम सगळीकडे चालतं. काकांनी हे निघण्यापूर्वीच वाचलेलं असतं आणि बसमध्ये सगळ्यांना सांगितलेलं असतं. स्वित्झर्लंड संघात नाही, हेही त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं, पण ते चहाच्या वेळी. बस जर्मनीतून, ब्लॅक फॉरेस्टची कोकिळा-घड्याळं घेऊन, ऱ्हाइन फॉल्सकडे निघते. सीमा कधी गेली ते कळतही नाही. फोनला मात्र कळतं. तो इमानेइतबारे स्विस टॉवर धरतो, आणि धबधब्यासमोर काका जेव्हा नागपूरच्या ताईंना व्हिडिओ कॉलवर तुषार दाखवत असतात तेव्हा बॅलन्स तुषारांच्याच वेगाने उडत असतो. सिम घेताना पाकिटावर स्वित्झर्लंडचं नाव छापलंय का ते बघावं. काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. टिटलिसवर चढून बघण्यात अर्थ नाही.

मग हॉटेल. पासवर्ड छापील मिळाला तर उत्तम. स्वागतकक्षातल्या बाईंनी हाताने चिठ्ठीवर लिहून दिला, तर संपूर्ण ग्रुप लॉबीत अडकलाच म्हणून समजा. कारण तिकडे हाताने लिहिलेल्या एकाला वरून लांब तिरकी रेघ असते, म्हणजे तो आपल्याला सात दिसतो. आणि खऱ्या साताच्या पोटात आडवी काट मारलेली असते, तो आपल्याला चुकून लिहून खोडलेला वाटतो. त्यामुळे एक चिठ्ठी, अकरा डोकी आणि पुढील संवाद:

"अहो, सात घाला, सात!"

"घातला. नाही म्हणतंय."

"मग तो शून्य नसेल, ओ असेल."

"मोठा की छोटा?"

"पाटणकरांचं लागलं वाटतं. पाटणकर, काय घातलंत हो?"

पाटणकर उत्तर देत नाहीत. ते लॉबीतल्या एकमेव प्लगजवळच्या सोफ्यावर पोचलेले असतात.

कॅफेतल्या वायफायबद्दल थोडक्यात सांगायचं, तर त्याचं अर्थशास्त्र करू नये. दोन युरोचा डेटा वाचवायला साडेचार युरोची कॉफी घ्यावी लागते, आणि त्या कॉफीमुळे पुढच्या चौकात स्वच्छतागृहाला एक युरो. असल्या उघड्या वायफायवर बँकेचं काम करू नये, हेही सांगून ठेवतो. शिल्लक बघून वाईट वाटतं ते वेगळंच.

काही देशांत प्रश्न पैशांचा नसतोच. दुबईत मेसेज जातात, फोटो जातात, पण तिथल्या सिमवरून किंवा हॉटेलच्या वायफायवरून व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही. इंटरनेटवरून करायचे असे कॉल तिथे रोखलेले आहेत, आणि परवानगी असलेली ॲप वेगळी. हे माहीत नसलेल्या काकू बुर्ज खलिफासमोर फोन उंच धरून सुनेला लाइव्ह दाखवायच्या प्रयत्नात असतात. कॉल लागत नाही. काका म्हणतात, "तुझ्या फोनचंच काहीतरी आहे." मग काकांचाही लागत नाही. मग ते देशाचं काहीतरी असतं. अशा वेळी व्हिडिओ काढून पाठवावा, त्यात आपण बोलून घ्यावं, आणि सुनेने तिकडून अंगठा दाखवला की संवाद झाला असं मानावं. काही घरांत समोरासमोरही याहून जास्त होत नाही. चीनमध्ये याच्या उलट: हॉटेलच्या फुकट वायफायवर गूगल आणि व्हॉट्सॲप उघडत नाही, पण भारतातून नेलेल्या सिमच्या रोमिंगवर साधारणपणे उघडतं, कारण तो डेटा फिरून आपल्याच कंपनीच्या जाळ्यातून येतो. फुकट असेल ते निरुपयोगी आणि उपयोगी असेल ते महाग.

विमानात आणि क्रूझवर फोन फ्लाइट मोडवरच ठेवावा. किनारा सुटला की फोन जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडू शकतो. ते कुठल्याच देशात मोडत नाही, त्यामुळे देशासाठी घेतलेल्या साध्या पॅकमध्येही बहुधा बसत नाही. समुद्राकडे बघावं. तो फुकट आहे.

राहता राहिले उलट दिशेने येणारे. न्यू जर्सीचा पुतण्या चार वर्षांनी मुंबईला उतरतो. आपल्याकडच्या अनेक विमानतळांवर मोफत वायफायसाठी मोबाइलवर ओटीपी येतो आणि परदेशी नंबरवर तो येईलच असं नाही. त्याचा इथला जुना नंबर रिचार्जवाचून कधीच बंद पडून दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर गेलेला असतो. पासपोर्ट दाखवून कूपन देणारं काउंटर किंवा यंत्र काही ठिकाणी असतं. ते शोधावं. पुतण्या शोधत नाही, कारण त्याला गेटबाहेर काका दिसलेले असतात.

"काका, जरा हॉटस्पॉट द्या ना. आईला पोचलो म्हणून कळवतो."

"देतो की. पण तुझं विमान कुठवर आलं ते नकाशावर बघण्यात आजचा दीड जीबी संपला रे. बाराला नवा येतो."

"आता किती वाजलेत?"

"पावणेबारा. तोवर चहा घेऊ. तुझं कार्ड चालतं ना इथे?"